आडोशाची बाजू

माघ सरत आला की धुळ्यातल्या आमच्या घराची पश्चिमेची खिडकी आपटायला लागते. आमचे हे दरवर्षी वर्तमानपत्राची घडी करून तिच्या फटीत कोंबतात आणि मी दरवर्षी ती काढून टाकते. "अगं, घरभर धूळ होते," असं म्हणतात. होऊ दे की! वर्षातून महिनाभरच तर येतो तो पाहुणा. शेतात दादर कापून पडलेली असते तेव्हाच येतो. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. आता ती यंत्रात घालतात, एका तोंडाने कणसं आत जातात आणि दुसऱ्या तोंडाने पोत्यात दाणे पडतात. वाऱ्याला काही कामच उरलेलं नाही. तरी तो आपला वेळेवर हजर होतो, आणि मला त्याचं कौतुक वाटतं.

या वाऱ्याची माझी ओळख जुनी आहे, आणि ती करून दिली माझ्या वडिलांनी. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, आम्हीही नानाच म्हणायचो. चाळीसगाव तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान. पण उपणणीचा दिवस ठरवायचा तर अख्खं गाव आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. "नाना, आज वारा निंघी का?" असं कुणी विचारलं की नाना लगेच उत्तर द्यायचे नाहीत. उठून खळ्यावर जायचे, मूठभर भुसकट उचलायचे आणि हात उंच करून हळूहळू सोडायचे. ते कुठे जातं, किती लांब जातं, सरळ जातं की भोवऱ्यात सापडतं, हे बघत उभे राहायचे. मग सांगायचे, "दोन घटका थांबा. निंघी." आणि निघायचाच! माझ्या वडिलांचा शब्द वाऱ्याने खाली पडू दिला नाही, हे मी आजही चारचौघांत मान वर करून सांगते.

उपणणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच तिवईवर माणूस उभा राहतो, खालून त्याला टोपलं देतात, तो ते डोक्याच्या वर धरून हलवत राहतो. दाणे सरळ पायाशी पडतात, भुसकट वारा घेऊन जातो. कुठे नेतो? आमच्या खळ्याच्या कडेला बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. भुसकट त्या कुंपणावरून उडायचं आणि पलीकडे, जिथे वारा मंदावतो, तिथे खाली बसायचं. संध्याकाळपर्यंत कुंपणाच्या आड छातीएवढा उतार तयार व्हायचा, आणि इतका गुळगुळीत, की कुणीतरी हाताने सारवला असावा. सात-आठ वर्षांची असताना मी त्याच्यावर चढले. चढले म्हणजे काय, दुसऱ्या पावलाला तो सगळाच्या सगळा उतार माझ्यासकट खाली निघाला. कमरेपर्यंत गाडली गेले, नाका-तोंडात भुसकट. नानांनी वेणी धरून ओढून काढलं. आधी पोटभर हसले. मग माझं नाक आपल्या धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "ध्यानमां ठेव बेटा. वारा जठून उचलस तठे खडबडीत ऱ्हास. जठे ठेवस तठे गुळगुळीत. अन् गुळगुळीत दखीसन फसानं नही."

मी तेव्हा अंगाला सुटलेली खाज खाजवत होते. ध्यानात वगैरे काही ठेवलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चाळीसगावला कॉलेजात होते. खाकी गणवेश घालून रविवारी परेड करायचे. एके दिवशी सूचनाफलकावर कागद लागला, की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून बारा मुली हिमाचलात बर्फावर स्की शिकायला पाठवायच्या आहेत. माझं नाव निघालं. गावात ही बातमी पोचायला एसटीपेक्षाही कमी वेळ लागला. शेजारचे आबा मुद्दाम येऊन म्हणाले, "पोरले बरफमां धाडी ऱ्हायनात का नाना? अठे काय ऊन कमी पडनं का?" नाना म्हणाले, "ऊन भरपूर शे आबा. म्हनीसनच धाडी ऱ्हायनू." मायचा प्रश्न वेगळा होता. "बरफमां काय खाशी तू?" तिने डबाभर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, तळून दिल्या, दादरीच्याच. एवढ्या, की आम्ही बारा जणींनी तीन आठवडे खाल्ल्या आणि शेवटी उस्तादही मागून घ्यायला लागले.

उस्ताद म्हणजे आमचे शिक्षक. तिथलेच, हिमाचलातले. बुटके, उन्हाने चेहरा भाजून काळपट झालेला, गॉगलच्या जागी तेवढा गोरा. मुलींची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून रांगेत पुढे असणाऱ्या आम्हा दोघींना ते जिल्ह्याच्याच नावाने हाक मारायचे. मी 'जलगांव' झाले. धुळ्याची सुनंदा 'धुलिया' झाली. ही सुनंदा माझी खास मैत्रीण, अंगाने दणकट, जिभेने त्याहून. पहिल्या दिवशी ती एकवीस वेळा पडली आणि प्रत्येक वेळी बर्फाच्या खानदानाचा अहिराणीतून उद्धार केला. मी बावीस वेळा पडले, पण तोंड मिटून. पायांत विटांसारखे जड बूट, बुटांखाली पुरुषभर लांब पट्ट्या, आणि चढ चढायचा तर त्या पट्ट्यांच्या पोटाला केसाळ कातडं चिकटवायचं म्हणजे मागे घसरायला होत नाही. आठवड्याने मात्र पाय ऐकायला लागले. एका सकाळी मी एका लांब उतारावरून न पडता खाली आले आणि थांबल्यावर मला ऐकू आलं, की कुणीतरी मोठ्याने हसतंय. मीच हसत होते.

रोज सकाळी उस्ताद सगळ्यांना उभं करून एकच प्रश्न विचारायचे, "हवा किधर से है?" कुणी बोट ओलं करून वर धरायची, कुणी उगाच तोंड फिरवायची. मी मूठभर भुरभुरीत बर्फ उचलून हात उंच करून सोडायचे. हे मला कुणी शिकवलं होतं, याचा विचारही तेव्हा मनात आला नव्हता. हात आपोआप वर जायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उस्ताद बाकीच्यांना विचारीनासेच झाले. "जलगांव, बोल!" एवढंच म्हणायचे. माझी मान ताठ व्हायची ती दुपारपर्यंत तशीच असायची.

आणि एवढी ताठ मान असूनही मी तिथे जी चूक केली ती आमच्या मुलखातलं माणूसच करू शकतं. आम्ही आडोशाची माणसं. फाल्गुनापासून मृगापर्यंत आमचा सगळा जीव आडोशात असतो. भिंतीचा आडोसा, गंजीचा आडोसा, निंबाचा आडोसा, काही नसलं तर बैलगाडीचा. गरम वाऱ्याची झळ आली की पाय आपोआप पलीकडच्या बाजूला वळतात, जनावरंही वळतात. तर एका दुपारी आम्ही डोंगराच्या एका धारेवर होतो, वारा कानशिलं कापत होता, आणि उस्ताद मागे कुणाचा तरी बूट बांधत होते. मी पाहिलं, की धारेच्या पलीकडे पाच-सात हात खाली सुरेख खोलगट जागा आहे. वारा नाही, छान ऊन. "या गं इकडे," म्हणत मी सगळ्यांना तिथे नेलं, डबा उघडला आणि बिबड्या वाटल्या. मला वाटत होतं, काय हुशारी केली! तेवढ्यात वरून आरोळी आली. "जलगांव! ऊपर देख! ऊपर!"

वर पाहिलं. आमच्या डोक्यावर बर्फाचा छज्जा निघालेला होता, ओसरीच्या पत्र्यासारखा पुढे आलेला, खाली आधार काहीच नाही. उस्तादांनी एकेकीला, हलक्या पावलाने, अंतर ठेवून बाहेर काढलं. सगळ्या सुखरूप आल्यावर मग माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, हवा तुला इथे लागत नाही, म्हणजे ती गेली कुठे? पलीकडून जेवढा बर्फ तिने उचलला तेवढा सगळा इथे आणून ठेवलाय. आभाळ निळं असो, वरून कणही न पडो, ही बाजू घटकेघटकेला जड होत असते. आणि मग एखादा माणूस नेमका तिच्यावर पाऊल ठेवतो.

मी ऐकत होते आणि माझे कान तापले होते. कारण हे मला माहीत होतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. गावाकडून येताना मी ट्रंकेत लोकरीचे मोजे घेतले, तोंडाला लावायचा स्नो घेतला, बिबड्या घेतल्या, आणि नानांचं तेवढं वाक्य घरी ठेवून आले होते. त्या दिवशी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी नंतर कधी वाटली नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. सकाळी निघून, एक खिंड ओलांडून, पलीकडच्या लाकडी झोपडीपर्यंत दुपारी दोनच्या आत पोचायचं. वेळेत पोचलं तर सगळ्या तुकडीला 'ए', नाहीतर 'बी'. 'ए' मिळालेल्या मुलींनाच पुढच्या अभ्यासक्रमाला बोलावणार होते, आणि तो झाला की पुढे शिकवायची संधी. मला ते हवं होतं. मनात मी केव्हाच गॉगल लावून, उस्तादांच्या शेजारी उभी राहून, पोरींना "हवा किधर से है?" विचारत होते. त्या दिवशी तुकडीची प्रमुख म्हणून पाळी माझी होती. अर्ध्या वाटेत आमच्यातल्या सावद्याच्या मुलीचा गुडघा मुरगळला. उस्ताद म्हणाले, हिची वेळ धरणार नाहीत, मी हिला घेऊन सावकाश येतो, तू बाकीच्यांना घेऊन हो पुढे. रस्ता तू ठरव.

खिंडीच्या खांद्यावर आलो तेव्हा बारा वाजले होते. आधीच्या दोन रात्री वारा नुसता घुमत होता, त्या दिवशी मात्र आभाळ धुतलेलं होतं. समोर दोन वाटा. डावीकडे डोंगराची उघडी धार. वाऱ्याने खरवडलेली, ढेकळाढेकळांची, मध्येमध्ये दगड बाहेर आलेले. तिथे स्की चालणारच नव्हत्या, त्या काढून खांद्यावर घेऊन पायी जावं लागणार होतं, दोन-अडीच तास. उजवीकडे धारेच्या आड एक मोठा, वाटीसारखा उतार. वारा नाही, ऊन पडलेलं, आणि बर्फ असा गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. तळाशी झोपडीचं छप्पर दिसत होतं. पंधरा मिनिटांचं काम.

"दख तरी वं, कितलं मस्त शे!" सुनंदाने काठ्या रोवल्या सुद्धा.

मी म्हटलं थांब. वर पाहिलं. धारेवरून पांढऱ्या धुरासारखी बर्फाची एक बारीक रेघ उडत होती, सतत, आणि उजवीकडे येऊन खाली बसत होती. मी काठीने कडेचा बर्फ ठोकला. वरचा थर टणक लागला आणि खालून आवाज आला तो धान्याच्या रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा. पुन्हा ठोकला. सुनंदानेही ठोकला. "माले तं काहीच ऐकू नही ऊनं," ती म्हणाली. खरंच आलं नसेल. मला तरी नक्की आलं होतं का? अजूनही शपथेवर सांगता येणार नाही. पण माझ्या नाकात भुसकटाचा वास आला, हे मात्र शपथेवर सांगते.

"स्की काढा," मी म्हटलं. "धारेवरून पायी जायचं."

एकदम गलका झाला. दोनच्या आत पोचणार नाही, सगळ्यांचा 'ए' जाईल, तीन आठवडे कशासाठी आपटलो, स्की शिकायला आलो की हमाली करायला! सुनंदा माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "तू घाबरनी. तशी सांग ना सरळ!"

"हा, तसंच समज," मी म्हटलं. "आते चाला."

चालल्या. शिस्त म्हणून चालल्या, माझ्यावरच्या विश्वासाने नव्हे. खांद्यावर स्की, वाऱ्याने त्या फिरायच्या आणि माणूसच फिरायचं. बुटांखाली दगड. उजव्या हाताला, खाली, तो उतार सारा वेळ दिसत होता, शांत, उन्हात चमकणारा, काडीभरही हलत नसलेला. खरं सांगते, मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, की पड रे बाबा. आता आम्ही कुणी तिथे नाही, आता पड, म्हणजे या पोरी तरी बघतील. तो पडला नाही.

झोपडीवर पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. दाराशी परीक्षक अधिकारी घड्याळ बघत उभे होते. त्यांनी वहीत वेळ लिहिली. त्या दुपारी माझ्या शेजारी कुणी जेवायला बसलं नाही.

तासाभराने उस्ताद आले, सावद्याच्या मुलीला आधार देत, आमच्याच पावलांवरून, धारेच्या वाटेने. माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "क्यों?" मी मोडक्यातोडक्या हिंदीत खळं सांगितलं, टोपलं सांगितलं, बोरीचं कुंपण आणि त्याच्या आडचा उतार सांगितला. ते ऐकत राहिले. मग परीक्षकांशी दाराआड जाऊन काहीतरी बोलले. बाहेर आले आणि मान हलवली, वेळ ती वेळ. मी विचारलं, "उस्ताद, वो गिरता क्या?"

"जो उस पर जाता वही बताता," ते म्हणाले. "पूछने जाना है तुझे?"

मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तेरे पिताजी ने कभी बर्फ देखी है?"

"गारा देखी है, उस्ताद. एक बार. पूरा गेहूं गया था."

ते हसले नाहीत. "उनको मेरा राम-राम बोलना," म्हणाले.

सुनंदा आता शिरपूरला मुख्याध्यापिका आहे. आजही फोन केला की पाच मिनिटांच्या आत "तुन्हामुळे मन्हा 'ए' गया" हे ऐकवते, आणि मी म्हणते, फोन तर तूच करतेस ना, मग बरंच झालं. पुढच्या अभ्यासक्रमाला मला बोलावणं आलं नाही. नंतर नोकरी, लग्न, मुलं. परत कधी स्की पायांत घातल्या नाहीत. वर्गात भूगोल शिकवताना वाऱ्याचं निक्षेपण कार्य हा धडा आला की मात्र माझा तास लांबतो, आणि मुलांना कळतं की आज बाईंना घंटा ऐकू येणार नाही. ते 'बी'चं प्रमाणपत्र आमच्या बैठकीत चौकटीत लावलेलं आहे. पाहुणे जवळ जाऊन वाचतात आणि गोंधळतात, की 'बी' कोण लावतं भिंतीवर? मी लावते. ज्या दिवशी काही झालं नाही, त्या दिवसाचा दाखला कुणी देत नाही. मला मिळाला आहे, मग मी तो का लपवू?

पण हा शहाणपणा आजचा. तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि दोन दिवसांच्या प्रवासात मी स्वतःला एकच गोष्ट विचारत होते, की मला खरंच कळलं होतं, का मी नुसती घाबरले होते? चाळीसगावला उतरलो. सुनंदा धुळ्याच्या गाडीकडे निघून गेली, तिने मागे वळून पाहिलं नाही. मी गावात पोचले तेव्हा ऊन कलत होतं आणि आमच्या खळ्यावर उपणणी चालू होती. नाना तिवईवर होते. मला पाहून त्यांनी हातातलं टोपलं संपवलं, खाली उतरले, डोक्यावरचा फेटा सोडून तोंड पुसलं. खळ्यावर दहा-पंधरा माणसं होती, शेजारचे आबाही होते. सगळे जवळ आले. मी प्रमाणपत्र दिलं. नानांनी ते लांब धरून पाहिलं आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. "हाई काय शे?"

मग मी सगळं सांगितलं. धार, आडोसा, काठीचा आवाज, पावणेतीन. बारा जणींचा 'ए' माझ्यामुळे गेला, आणि तो उतार तर पडलाच नाही, हे सांगताना मला रडू फुटलं. रडतरडतच उस्तादांचा राम-राम सांगितला. नानांनी प्रमाणपत्र आबांच्या हातात दिलं, उत्तरेकडे तोंड केलं आणि ज्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं त्याला दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"त्या डोंगरवर किती जनी व्हत्यात तुम्ही?"

"बारा."

"अन् घर किती जनी ऊन्यात?"

"बारा."

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, साऱ्या खळ्याकडे तोंड केलं, आणि तिवईवरून वाऱ्याच्या वर आवाज काढायची सवय असलेल्या त्या गळ्याने ओरडले, "आयकं का रे भाऊ? बाराच्या बारा घर लईसन ऊनी मन्ही पोर!"